उजव्या बाहीचं रफू

रफूवाल्या मास्तरांनी बायकोच्या कामाला बावीस वर्षांत एकच शब्द दिला होता: "दिसतंय." तिनं दिवसभर मान मोडून कुणाच्या पँटचं भोक भरावं, यांनी ते दोन बोटांत धरून खिडकीपाशी न्यावं, डोळे बारीक करावेत आणि म्हणावं, "दिसतंय." की उसवा, पुन्हा भरा! माणूस वाईट नव्हता हो. पण कामाच्या बाबतीत असा खडूस, की खुद्द देवानं रफू केलं असतं तरी त्यालाही दोनदा उसवायला लावलं असतं. बायको मनातल्या मनात चरफडायची आणि पुन्हा सुई उचलायची.

त्या घरात आणखी एक नियम होता. फाटलेलं कापड आलं की धुवायचं, वाळवायचं आणि लगेच कामाला घ्यायचं, मग ते गिऱ्हाइकाचं असो की घरचं. फाट उघडी राहिली की धागे सुटत जातात. हा नियम मास्तरांचाच, आणि बायकोच्या तो हाडीमाशी खिळला होता.

तर झालं असं. मास्तर एका सात मजली इमारतीत गिऱ्हाइकाचा सूट पोचवायला गेले. तिथल्या लिफ्टचं दार महिनाभर मनाला येईल तेव्हा मिटत होतं. लोकांनी तक्रारी केल्या, मॅनेजरनं या कानानं ऐकून त्या कानानं सोडल्या. मास्तर आत पाऊल टाकतात तोच दार मिटलं, उजवा हात बाहीसकट सापडला आणि लिफ्ट तशीच वीतभर वर सरकली. पहारेकऱ्यानं ओढून बाहेर काढलं तेव्हा ते शुद्धीवर नव्हते.

मॅनेजरनं मोठ्या तत्परतेनं त्यांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि बायको पोचायच्या आत डॉक्टरांना सांगूनही टाकलं: जिन्यावरून पडले. केसपेपरवर तेच लिहिलं गेलं. बायको धापा टाकत आली आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही करून मोकळी झाली. वर त्या मॅनेजरला हात जोडून म्हणाली, "तुमच्या रूपानं देवच धावून आला हो." आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

हाताची तीन बोटं लाकडासारखी झाली. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांच्या आत मोठं ऑपरेशन झालं तर सुई धरता येईल, नाहीतर विसरा. ते करायचं तर इमारतवाल्यांकडून भरपाई मिळायला हवी होती, दुसरा मार्गच नव्हता. म्हणून थोरल्या दिरांनी एका वकीलबाईंचा पत्ता दिला आणि बायको एकटीच जाऊन भेटली.

"रस्ते आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "पोलिसांत निष्काळजीपणाची तक्रार करता येते. लिफ्ट तपासणाऱ्या सरकारी खात्याकडे अर्ज करता येतो. भरपाईचा दावा लावता येतो, तातडीची रक्कमही मागता येते. पण सगळीकडे पहिला प्रश्न एकच. लिफ्टनंच झालं कशावरून?"

लिफ्ट दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली होती. पहारेकऱ्याला कामावरून काढलं होतं, त्याचा फोन लागत नव्हता. आणि केसपेपर तर जिना जिना म्हणून ओरडत होता.

"त्यांच्या अंगावर काय होतं?" वकीलबाईंनी विचारलं.

"लोकरी कोट. बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली, आणि नुसतं काळं वंगण!"

वकीलबाई खुर्चीत सरसावून बसल्या. "अहो, मग आधी सांगायचं ना! जिन्याला कुठे वंगण असतं? तो कोट आहे तसा घेऊन या. धुऊ नका, हातसुद्धा लावू नका."

 बायको कशीबशी "बरं" म्हणाली आणि उठली.

कोट धुऊन झाला होता. तीनदा, सोडा घालून. मास्तर दवाखान्यात होते ते आठ दिवस बाहेरच्या बाकावर बसून तिनं बाही भरली होती. आतल्या दुमडीतले धागे एकेक करून ओढून काढले, उभ्यात उभा, आडव्यात आडवा गुंफला. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. तिच्या मनानं घेतलं होतं, की बाही पूर्ववत झाली तर हातही होईल. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, लोकांनी वेड्यात काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको मिळून कोट घेऊन गेली आणि झालं ते सांगून टाकलं. वकीलबाईंनी भिंग लावून बाही उलटसुलट पाहिली.

"कुठे होतं?"

"इथून... इथपर्यंत."

"मला तर काहीच दिसत नाही."

"मग उसवते ना! आत्ता उसवते!" बायकोनं पिशवीतून कात्री काढली. वकीलबाईंनी तिचं मनगट धरलं.

"उसवलंत तर ते तुमच्या कात्रीनं पाडलेलं भोक ठरेल. समोरचा वकील मला उभी सोलेल." मग त्या जरा नरमल्या. "एक टाका दाखवा. इथे रफू आहे एवढं दिसलं, तरी कापड तपासणीला पाठवा म्हणून अर्ज करता येईल."

बायकोनं बाही डोळ्यांजवळ नेली. नखानं चाचपली, उलटी केली, सुलटी केली. तिचं तिलाच सापडेना. मेलं कधी नव्हे ते असं कसं जमलं, म्हणून ती रडकुंडीला आली.

"मास्तर, तुम्ही बघा," वकीलबाई म्हणाल्या.

गावातलं कुठलंही रफू या माणसाच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं. पट्टीतला उजवा हात छातीशी धरून मास्तर उठले, बाही डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली आणि खिडकीपाशी गेले. डोळे बारीक केले.

बायकोनं पदर मुठीत आवळला. म्हणा हो, एकदा म्हणा. बावीस वर्षं येता-जाता म्हणालात, आज म्हणा.

मास्तरांनी बाही उजेडात फिरवली. अंगठा कोपरापासून मनगटापर्यंत नेला, परत आणला, पुन्हा नेला. 

"नाही दिसत गं," ते म्हणाले. "कुठेच नाही दिसत."

जे ऐकायला ती जन्मभर आसुसली होती ते ऐकून बायको कात्री पिशवीत टाकून खुर्चीत बसली. वकीलबाईंनी कोटाची घडी घालून तिच्या मांडीवर ठेवली आणि फाइलची नाडी बांधायला घेतली.