खोळंबलेलं बारसं

मी मूळची कंधारची, नांदेडला नर्स. रजा टाकून मलावीतल्या एका खेड्यात आरोग्य केंद्र बांधायला आले, तेही फुकट. माझी आई, केवळाबाई, याला लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणते. तिचं खोटं नाही. खाटा कुठे, नळ कुठे एवढंच सांगायला मला बोलावलं होतं आणि मी विटा वाहत बसले.

मी इकडे असतानाच माझ्या धाकट्या भावाला, सत्यमला, मुलगा झाला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, नवससायास करून. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात घातलं की तीच पहिल्यांदा ते त्याच्या कानात सांगते. आणि आत्या मी एकटीच.

"चुलतबहिणीला बसवा न् उरकून टाका," मी फोनवर सांगितलं.

"ती काय सख्खी हाय का?" आई म्हणाली. "तू आल्याबिगर बारसं न्हाई. जगाची लेकरं बघून राहिलीस, घरच्याला नाव तरी दे."

आईपुढे कुणाचं चालत नाही. मी निघणारही होते, पण पावसाने रस्ता वाहून गेला. छपराचे पत्रे पलीकडे अडकले, मी अलीकडे. तोवर पोराला शिल्पा, माझी भावजय, ठोंब्या म्हणायची, सत्यम सावकार म्हणायचा. मी मनातल्या मनात मल्हार म्हणायचे. नाव आधी फोडायचं नसतं. तरी मला कुठला दम निघायला, गवंड्याच्या हाताखाली माती कालवणाऱ्या चिसोमोला सांगून टाकलं. तिला बारशाचं फार कौतुक. कसं करतात ते रोज नव्याने विचारायची.

मग एका संध्याकाळी सत्यमचा फोन आला. "आक्का, बाळाला धाप लागून राहिली. नांदेडला नेऊन राहिलो."

छाती आत ओढतोय का, ओठ निळे पडलेत का, मी विचारत सुटले. दोन्हीला तो हो म्हणाला. नर्सला कळायचं ते मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाळंतिणींच्या खोलीची भिंत लिंपत होतो, तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"गेलं गं लेकरू," सत्यम म्हणाला. "खड्डा खणलाय. बिननावाचं मातीत ठिऊ देत न्हाई आई. तू सांग. त्याच्या कानाला लावतो फोन."

त्याला डोळे भरून पाहिलं नव्हतं मी, मांडीवर घेतलं नव्हतं. मला ओरडून रडायचं होतं. पण लेकराच्या कानात रडतात का? नाव सांगण्याआधी कुर्र करायचं असतं, म्हणून कुर्र केलं. "मल्हार," मी म्हणाले. ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा मोठ्याने म्हणाले. पलीकडे शिल्पाने हंबरडा फोडला आणि फोन बंद झाला.

माझ्या मराठीतलं चिसोमोने तेवढं नावच ओळखलं. आत्याने नाव सांगितलं की बायका हसत हसत तिच्या पाठीत बुक्क्या घालतात, हे मीच तिला सांगितलं होतं. ती मातीच्या हातांनी धावत आली, इतर बायकांनाही हाका मारल्या, आणि सगळ्या हसत माझ्या पाठीत धपाधप घालू लागल्या.

मी तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांना घालू दिलं.