डावा खांदा, उजवा खांदा

मास्तरीणबाईंच्या शिवणवर्गात एकेचाळीस वर्षं एक नियम कुणालाच माफ नव्हता. डावा खांदा वेगळा मोजायचा, उजवा वेगळा मोजायचा. नवी आलेली प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकाच बाजूला टेप लावायची आणि दुसरी बाजू तेवढीच असणार असं धरून वहीत आकडा लिहून मोकळी व्हायची. मग बाई तिला आरशासमोर उभी करायच्या आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर लाकडी पट्टी आडवी ठेवायच्या. पट्टी कधी म्हणजे कधीच सपाट राहिली नाही. कुणाचा पिशवीचा खांदा खाली, कुणाचा लेकराला घेण्याचा. एक टपाल वाटणारी होती, तिचा तर बोटभर खाली होता. स्वतःच्या अंगात राहून तीस वर्षं झाली तरी हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसरा नियम त्याहून जुना, बाईंच्या वन्संनी, म्हणजे थोरल्या नणंदेने, घातलेला. स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. टेप बघायला मान वाकली की अंग खोटं बोलतं, असं वन्सं म्हणत. वर्ग मुळात वन्संचा. त्यांनी बाईंना लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात समोर बसवलं, हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, "कापड फाटलं तर फाटू दे, घाबरून कापू नकोस." त्यांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती.

गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा बाईंनी वर्ग बंद केला. शिवणयंत्रं मुलींना वाटून टाकली. राहिलं ते लोखंडी कपाट आणि त्यातली तीनशे बारा पाकिटं. प्रत्येक पाकिटात खाकी कागदाची कटिंग घडी करून ठेवलेली: पाठ, पुढा, बाही, कॉलर. वर क्रमांक, माप कुणाचं ते, आणि खाली ज्यांनी ज्यांनी ती वापरली त्यांचे शेरे. "बाळंतपणानंतर पुढून पाऊण इंच वाढवलं." "बाहीचा मुंढा खोल करू नये, मी केला आणि पस्तावले." एकीने नुसतंच लिहिलं होतं, "नवरा म्हणतो बरा दिसतो, म्हणजे बघा."

पण खाकी कागदाचंही वय होतं. घडीवर तो तुटायला लागला होता. मागच्या वर्षी एक फ्रॉक उलगडताना बाईंच्या हातात नुसते तुकडे राहिले. बाईंची भाची वेबसाइटी करण्याचं काम करायची. तिने बाकीचे कागद उजेडाकडे धरून पाहिले आणि स्पष्टच सांगितलं, "मावशी, यातला प्रत्येक कागद आता फार तर एकदाच उघडेल. उघडायचा, फोटो काढायचा, मापं आणि शेरे उतरवून घ्यायचे. परत घडी होणार नाही."

"म्हणजे उतरवून घ्यायची जागा आधी नीट हवी," बाई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. एक वेबसाइट आधी झाली होती. ती केली होती घाईबाईने. हे नाव तिला वर्गात पडलं, कारण सुईत दोरा ओवायच्या आधी तिचा पाय पायडलवर असायचा. आता तिचं तयार कपड्यांचं दुमजली दुकान होतं, केस पांढरे झाले होते, तरी ती दर शनिवारी बाईंकडे यायचीच. तिने कुठल्याशा तयार सेवेवर तीन दिवसांत वेबसाइट उभी केली आणि साठ पाकिटं उघडून भरलीसुद्धा. त्या सेवेत खांद्यासाठी एकच चौकोन होता. घाईबाईने डावा आणि उजवा मिळवला, दोनाने भागला, आणि पुढे गेली.

पुढे लांबच्या गावी राहणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्या आकड्यांवरून वडिलांचा कोट कापला. तिचं पाकीटच होतं ते, वडिलांचं माप बाईंनीच घेतलेलं. कोट एका बाजूने लोंबला, दुसऱ्या बाजूने ओढला. तिने फोटो पाठवला. वडील बिचारे हसत उभे होते. बाई फोटो बघून म्हणाल्या, "मधल्या माणसाला झकास बसला असता. पण मधला माणूस त्यांच्या घरात कुणी नाही." शनिवारी जमलेल्या सगळ्या हसल्या. घाईबाईही हसली. मग खरे आकडे बघायला तिने ते साठ फाटके कागद परत जुळवून पाहिले. त्यातले एकवीस जुळलेच नाहीत; त्यांचे डावे-उजवे आकडे गेले ते गेलेच. त्या दिवसापासून तिने त्या वेबसाइटचं नाव काढलं नव्हतं, आणि बाईंनीही.

आता ती जुनी सेवाच महिनाअखेर बंद होणार होती. दुसरं काहीतरी निवडायला हवं होतं. म्हणून त्या शनिवारी दुपारी कापड कापायच्या लांब टेबलाभोवती तिघी बसल्या. टेबलावर खडूचे जुने ओरखडे होते, त्यावर भाचीचा लॅपटॉप.

"मला आधी हे सांग," बाई म्हणाल्या, "तू सारखी सीएमएस सीएमएस करतेस, ते काय असतं?"

"कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. वेबसाइटच्या आतलं कपाट समज. काय काय ठेवायचं, कुठल्या खणात, कोणी उघडायचं, हे ते सांभाळतं. बाहेरून लोकांना दिसतो तो नुसता दर्शनी काचेचा भाग."

"आणि ते ओपन सोर्स?"

भाचीने जरा विचार केला. "कपडा देतात आणि सोबत कटिंगही देतात. कुणीही बघावं, उसवावं, आपल्या मापाचं करावं."

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्यांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

घाईबाईला दम धरवेना. "आधी माझं बघा बाई. या वेळी मी चांगलं शोधून आणलंय." तिने फोन पुढे केला. खरंच देखणं होतं. चित्रं अलगद सरकत होती, अक्षरं नेटकी, रंग डोळ्यांना थंड. "तयार आहे. आज घेतलं की आज चालू. काही शिकायला नको, की कुणाच्या पाया पडायला नको."

बाईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "उलटं करून दाखव."

घाईबाईने कपाळावर हात मारला. वर्गात बाईंनी कधी कपड्याची सुलटी बाजू आधी पाहिली नव्हती. कितीही नटवून आणा, त्या आधी आतून उलटा करायच्या, शिवणीवरून अंगठा फिरवायच्या, माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, किती सोडली ते बघायच्या. पाव इंच माया सोडून शिवलेला कपडा पुढे कधी मोठा करता येत नाही. असा कपडा त्या न बोलता परत द्यायच्या.

"याची आतली बाजू आपल्याला दाखवत नाहीत," भाची हळूच म्हणाली.

"खांद्याला दोन चौकोन आहेत?"

"नाहीत," घाईबाई म्हणाली. "मी त्यांना लिहून विचारलं. ते म्हणाले, सूचनेबद्दल आभार, विचारात घेऊ."

"आणि उद्या त्यांनीही दुकान बंद केलं तर आपलं सामान परत देतात?"

"यादी देतात. शेरे देत नाहीत." घाईबाईने फोन पालथा ठेवला. पण ती अशी हार मानणारी नव्हती. "ठीक आहे. पण एक विचारते, रागावू नका. तुमची भाची उद्या नोकरीसाठी कुठे लांब गेली, तर तिने शिवलेलं हे सगळं कोण बघणार? माझ्याकडे काही बिघडलं तर फोन करायला निदान कुणीतरी आहे."

प्रश्न रास्त होता. भाचीनेही मान डोलावली. "ताई बरोबर बोलतायत. ओपन सोर्स घेतलं की राखणं आपल्याकडे येतं. नवी आवृत्ती आली की बदलायची, रोज एक प्रत बाजूला काढून ठेवायची. आळस केला तर कसर लागते. पण कटिंग सगळ्यांकडे असते. मी नसले तरी दुसरी कुणी उघडून बघू शकते. कुणाच्या परवानगीवाचून."

"दुसरा शिंपी उसवू शकतो," बाई म्हणाल्या.

"हो."

"मग राखायला दोघी शिकतील. मी एक." दोघी बघतच राहिल्या. "काय बघताय? गुडघे गेलेत, डोकं नाही."

भाचीने तिच्याकडच्या दोन सिस्टीम दाखवायला घेतल्या. दोन्ही ओपन सोर्सच. पहिली जगभर चालणारी, सगळ्यांना ठाऊक असलेली. मुळात लेख आणि बातम्यांसाठी घडवलेली. त्यात खांद्याचे चौकोन आणायला एक जोड लावायचा, शेऱ्यांसाठी दुसरा, मोठ्या चित्रांसाठी तिसरा, आणि प्रत्येक जोड वेगळ्याच माणसाने केलेला. "चालेल तसं," ती म्हणाली, "पुष्कळांचं चालतं."

"चांगला कोट आहे, पण ठिगळं फार होतील," बाई म्हणाल्या. "आणि दुसरी?"

दुसरी उघडल्यावर पडदा जवळजवळ रिकामा होता. घाईबाई म्हणाली, "अगंबाई, यात तर काहीच नाही!"

"हेच तर," भाची म्हणाली. "यात आधी आपण सांगायचं की आपली वस्तू काय. लेख नाही, बातमी नाही. कटिंग. कटिंगला काय काय असतं ते आपण ठरवायचं, तेवढेच खण होतात. उद्या आठवलं तर आणखी. पहिले दोन दिवस डोकं पिकेल, ते मात्र खरं."

"असं कोरं काय दाखवतेस? एक खरं पाकीट भरून दाखव," बाई म्हणाल्या.

कुणीच हललं नाही. खरं पाकीट म्हणजे खरा कागद, आणि कागद उघडणार एकदाच. जागा चुकीची निघाली तर तेवढं पाकीट वाया. घाईबाईने हात मांडीखाली घेतले. "मी नाही हात लावणार," ती म्हणाली. "माझ्या नावावर एकवीस आहेत."

पहिल्यांदाच ती ते मोठ्याने बोलली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या उठल्या. कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणातून त्यांनी क्रमांक नऊ काढलं. "हे घ्या. माझंच आहे. फाटलं तर माझं फाटेल."

नऊ नंबरचं पाकीट बाईंनी जन्मात उघडलं नव्हतं. त्यांचा निळा कोट वन्संनी कापलेला, माप वन्संनी घेतलेलं, आणि स्वतःच्या मापात नाक खुपसायचं नाही हा वर्गाचा रिवाज. कोट बावीस वर्षं वापरला. कोपरं विरली, पण खांद्याला कधी सुरकुती पडली नाही.

"तू उघड," बाई घाईबाईला म्हणाल्या.

"मी?"

"तूच. सावकाश."

घाईबाईने दोन्ही तळहात मांडीवर पुसले. तिने पहिली घडी उघडली, थांबली, मग दुसरी. तिसऱ्या घडीवर कागद बारीक करकरला आणि कडेला बोटभर फाटला, तेवढाच. पाठीचा भाग टेबलावर पसरला. वन्संचं अक्षर काळ्या पेन्सिलीचं, उभं, टोकदार.

भाचीने वाचायला आणि भरायला सुरुवात केली. "डावा खांदा पावणेपाच." एक खण. "उजवा पाच." दुसरा खण. उंची, मुंढा, पाठ. प्रत्येक आकड्याला त्याची जागा मिळत गेली. मग ती अडखळली. "मावशी, इथे कडेला काहीतरी लिहिलंय. हे कशात घालू? माप नाही, आणि शेराही नाही, कारण कापायच्या आधीचं आहे."

"वाच."

"'ही बोलायला लागली की डावा खांदा वर जातो. गप्प उभी करून घेतलेलं माप हिचं नव्हे. हिला बोलू द्यावं, मग माप घ्यावं.'"

बाईंना ती दुपार आठवली. वन्सं टेप लावून मागे उभ्या होत्या आणि उगाचच माहेरचं विचारत होत्या. घरात किती खोल्या, विहीर केवढी, धाकटी बहीण काय करते. नव्या नवरीला वाटलं होतं, चौकशी चालली आहे. ती भरभरून सांगत सुटली होती. त्या घरात इतकं बोलायची तिची ती पहिलीच वेळ.

"असं लिहायला जागा आहे का त्यात?" बाईंनी विचारलं.

"आत्ता नाही," भाची म्हणाली. "थांब." तिने दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या. आकड्यांच्या वर एक नवा खण उघडला, रिकामा. "नाव काय देऊ?"

बाईंनी विचार केला. "'माप घेण्याआधी.'"

भाचीने नाव दिलं आणि वन्संचं वाक्य त्यात जसंच्या तसं उतरवलं. मग तिने पडदा बाईंकडे वळवला. सगळं आपापल्या जागी होतं, आणि खाली अजून हवे तेवढे खण करायला मोकळीक होती. बाईंनी पडद्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, सवयीने.

"हेच घ्या," त्या म्हणाल्या.

घाईबाई अजून त्या कागदाकडे बघत होती. एकदम म्हणाली, "बाई, खरंच जातो हो वर. तुम्ही ओरडायचात ना आमच्यावर, तेव्हासुद्धा जायचा. आम्ही मागच्या बाकावर त्यावरूनच ओळखायचो, आता कुणाचा तरी नंबर लागणार."

"आणि इतक्या वर्षांत एकीने सांगितलं नाही!"

"सांगून कोण मरेल?" घाईबाईने खुंटीवरची टेप काढली आणि बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली. "पाकिटातलं माप सत्तेचाळीस वर्षांपूर्वीचं. पुढच्या शेऱ्यात आजचं घालूया. बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. वन्संचं सांगा."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग म्हणाल्या, "त्यांना ना, मला हाक मारायची एक खोड होती..." आणि त्या सुरू झाल्या.

घाईबाईने डावा खांदा मोजला. लगेच लिहिला नाही. पुन्हा टेप लावली, आकडा तोच आला, तेव्हा सांगितला. मग ती उजवीकडे गेली. बाई अजून बोलतच होत्या.