मांडवावरचा पहिला दुधी

सासूबाई लेकीकडे राहायला निघाल्या, तेव्हा दारातूनच बजावून गेल्या, "मी येईपर्यंत त्या वेलावर एक तरी दुधी दिसू दे. नाहीतर उपटून टाक. मला तिथे कपडे वाळत घालायचेत."

मागच्या अंगणातला तो मांडव मी स्वतः उभा केला होता. बांबू मी आणले, सुतळी मी बांधली. वेलही असा माजला की छपरावर चढला. पण दुधीचं नाव नको! फुलामागे बोटाएवढी फळाची कळी दिसायची, ती पिवळी पडून गळायची. खत घालून झालं, पाणी कमी-जास्त करून झालं.

एका संध्याकाळी आमचे हे मांडवाखाली कात्री घेऊन उभे दिसले. हे शिंपी. लोंबता धागा दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात.

"अहो, काय करताय?"

"तुला मदत. ज्या फुलांमागे कळी नाही, ती रोज छाटतो. नुसती आयतं खाणारी!"

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती नरफुलं! त्यांचा पराग लागल्याशिवाय फळ धरत नाही. सगळ्या नवऱ्यांना घराबाहेर काढलंत, आता दुधी काय आभाळातून पडणार?"

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मग आता?"

"आता स्टूल धरा."

जिथे ह्यांचा हात पोचला नव्हता, तिथे छपराच्या कडेला एक नरफूल नुकतंच उमललं होतं. ते तोडलं, पाकळ्या काढल्या आणि मादीफुलाच्या मधोमध हलकेच फिरवलं. खाली हे श्वास रोखून उभे होते.

ती कळी गळली नाही.

सासूबाई परतल्या तेव्हा चांगला हातभर दुधी लोंबत होता, लवदार, पोपटी. खरं सांगते, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. हातातली पिशवीही न ठेवता त्या तडक मांडवाखाली आल्या आणि कोवळा आहे का बघायला त्यांनी नख पुढे केलं.

"नख नको! डाग पडेल!" मी ओरडलेच.

हे दारातच थिजले. या घरात भाजीत मीठ किती घालायचं, तेही मी सासूबाईंना विचारत आले होते. त्यांनी हात मागे घेतला. दुधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं. मग कधी काढायचा? तू सांग."

"परवा सकाळी," मी ताठ मानेने म्हटलं. "आणि मीच काढणार."