परात खरवडणारे विमा कार्ड

मी एक जुने कार्ड आहे, आरोग्य विम्याचे. सध्या कासारसाईत रत्नाबाईंच्या परातीला चिकटलेली कणीक खरवडतो. खरे सांगतो मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच माझा कोणाला तरी उपयोग होतो आहे.

माझा जन्म हिंजवडीतल्या एका कंपनीच्या हौसेने झाला. हल्ली आमची भावंडे मोबाइलच्या पडद्यावरच उमटतात, पण या कंपनीने मला गुळगुळीत प्लॅस्टिकचा देह दिला आणि छातीवर सौरभचे नाव छापले. सौरभ नांदेडचा, सव्वीस वर्षांचा. भैरूअण्णा आणि रत्नाबाई या नवराबायकोच्या घरात, वरच्या खोलीत भाड्याने राहायचा. त्याने मला मोबाइलच्या कव्हरमध्ये मागून खुपसले आणि तीन वर्षे विसरून गेला.

त्या मोबाइलचा थाट काय सांगू! काच, काचेवर आणखी काच, आणि ती फुटली तर तिचाही विमा. मोटारसायकलचा विमा तर सौरभ न चुकता भरायचा, कारण चौकात पोलीस अडवतो. देहाला अडवणारा पोलीस कुठल्याच चौकात नसतो ना! स्वतःच्या नावाची पॉलिसी घे, या वयात हप्ताही कमी बसतो, दुखणे मागे लागण्याआधी घेतलेली बरी, असे त्याचा मित्र कौस्तुभ कितीदा सांगे. सौरभ उत्तरादाखल दंडाची बेटकुळी काढून दाखवायचा. देवाने दिलेल्या देहाची किंमत मोबाइलच्या काचेहून कमी धरणाऱ्या माणसाची मला कीवही येत नसे.

मग त्याला दुसरी नोकरी लागली. जुनी सुटणार शुक्रवारी, नवी सुरू होणार त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी. शेवटच्या दिवशी कंपनीत हे कामकाज बघणाऱ्या साधना मॅडमनी त्याला बसवून सांगितले, की हे कार्ड आजच बंद होते. मध्ये मोकळा राहू नकोस, याच विमा कंपनीकडे स्वतःच्या नावाने पॉलिसी करून घेता येते, अर्ज आजच दे.

सौरभ हसला. "मॅडम, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्या दिवशी मी मेलो. पण मेलेल्या कार्डाला वास येत नाही, म्हणून त्याने मला तसेच पाठीशी बाळगले.

दुसऱ्या आठवड्यात गावात सप्ताह सुरू होता. रत्नाबाई बुधवारी त्याला हाताला धरून कीर्तनाला घेऊन गेल्या. अहाहा! मृदंगावर थाप पडली, टाळकरी पावली खेळू लागले, आणि माझ्या निर्जीव अंगावरही काटा आला. बुवा सांगत होते, देह म्हणजे भाड्याची खोली आहे, मालक कधी रिकामी करायला सांगेल त्याचा नेम नाही, तोवर ती झाडूनपुसून नीट ठेवा. सारा मांडव नामाच्या गजरात डोलत होता. आणि आमचे राजेश्री? मोबाइलवर लोहगडाला काढलेले आपलेच फोटो बघत होते.

गुरुवारी त्याचे पोट दुखू लागले. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली. त्याने माझ्या पाठीवरचा नंबर फिरवला, तेव्हा मी संपलो आहे हे त्याला नीट कळले. नवी पॉलिसी आत्ता घेऊ का, असे विचारले, तर पलीकडची मुलगी म्हणाली, अपघात सोडला तर पहिल्या तीस दिवसांतले आजारपण त्यात बसत नाही. नव्या कंपनीचे कार्ड मात्र सोमवारी हजर होताच लागू होणार होते. सौरभने बोटांवर दिवस मोजले आणि मित्रांनो, या शिकल्यासवरल्या इंजिनियराने ठरवले, की आपल्या पोटाने सोमवारपर्यंत थांबावे!

शनिवारी काल्याचे कीर्तन झाले. हा जेवायला खाली आला नाही, म्हणून रत्नाबाई वाटीत काला घेऊन वर आल्या. बघतात तो पोरगा गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, अंग तापाने फणफणलेले. त्याने कण्हतकण्हत सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"दुसरी खोली बघितल्याबिगर कुनी खोली सोडतं का रं? आमचीबी सोडताना म्हैनाभर आदी सांगायचं ठरलंय. आन् हितं तू रस्त्यावर येऊन बसलायस व्हय?"

भैरूअण्णांनी दुधाची पिकअप जिन्यापाशी लावली. सौरभ अजूनही सोमवारचेच बोलत होता.

"गप बस," अण्णा म्हणाले. "पोटाला कॅलेंडर कळत न्हाई."

हिंजवडीच्या गर्दीत गाडी इंचाइंचाने सरकत होती आणि रत्नाबाई एका हाताने त्याचे डोके धरून नाम घेत होत्या. इस्पितळात विमा आहे का असे विचारल्यावर सौरभने सवयीने मलाच पुढे केले. काउंटरवरच्या बाईंनी संगणकात बघितले आणि मला दोन बोटांत धरून परत दिले. एवढा अपमान माझ्या जन्मात झाला नव्हता, आणि तो रास्त होता.

अपेंडिक्स फुटले होते. आणखी एक दिवस गेला असता तर सोमवार उगवला असता, पण त्याच्यासाठी नव्हे, असे डॉक्टर म्हणाले. धाकट्या बहिणीच्या कॉलेजसाठी ठेवलेले सगळे पैसे घेऊन वडील नांदेडहून धावत आले. ती पोरगी वर्षभर घरी बसली. सौरभच्या पोटावरच्या व्रणाहून हा व्रण मोठा आहे.

तो वाचला. नव्या कंपनीत उशिरा का होईना रुजू झाला, आणि तिथले कार्ड असूनही त्याने स्वतःची पॉलिसी काढली. पूर्वी शस्त्रक्रिया झाली का, या रकान्यात एजंट "नाही" लिही म्हणत होता. त्याने "होय" लिहिले. ते कागद दाखवायला तो खाली आला आणि रत्नाबाईंच्या पाया पडला. मला त्याने कव्हरमधून काढून त्यांच्या ओट्यावर टाकले, आणि तिथूनच मी परातीच्या कामाला लागलो. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी कागद उलटेपालटे केले आणि एकच विचारले.

"हे कवा संपतंय?"

मित्रांनो, तीन वर्षे मी त्याच्या हाताशी होतो. हा प्रश्न त्याने मला एकदाही विचारला नाही. तुम्ही मोठे व्हाल, घर सोडून नोकरीला जाल, तुमच्याही खिशात माझ्यासारखे एखादे गुळगुळीत कार्ड येईल. त्याच्या रंगाला भुलू नका. रत्नाबाईंचा प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी विचारा. नाहीतर देव करो आणि तुमच्या जिन्याखालीही वेळेला एखादी दुधाची पिकअप उभी असो.