मुरूडच्या पाण्यात गेलेली ट्यूब

मित्रांनो, मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची एक जुनी ट्यूब आहे. काळी, जाड, अंगावर चार पॅच. सध्या मी कोल्हारला एका कांदाचाळीवर पडून असते. वाऱ्याने ताडपत्री उडू नये म्हणून मला तिथे टाकले आहे.

नऊ गळीत हंगाम मी बन्सीअप्पांच्या ट्रॅक्टरच्या चाकात राबले. उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ओढल्या. टायरच्या आत काळोख असतो. रस्ता कसा आहे ते फक्त खड्ड्यांवरून कळते. चौथा पॅच लावताना पंक्चरवाले नूरमहंमदभाई म्हणाले, "अप्पा, आता हिला आराम द्या."

अप्पांनी मला भंगारात दिले नाही. हवा भरून प्रवरा नदीत सोडले. त्यांची लेक रश्मी माझ्या आधाराने पोहायला शिकली. अप्पा स्वतः पट्टीचे पोहणारे. पैलतीराला शिवून यायचे आणि ओल्या अंगाने म्हणायचे, "नदी लई झाली. एकदा समुद्रात पोहायचं हाय." पण कधी उसाची तोडणी आली, कधी पाण्याची पाळी, आणि समुद्र राहून गेला.

मग अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात आणि पाय लुळे पडले. समुद्राचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

रश्मी आता पुण्यात नर्स आहे. गेल्या डिसेंबरात तिने मुरूडला समुद्रासमोरचा फ्लॅट तीन दिवसांसाठी भाड्याने घेतला. अप्पा, त्यांची बायको झुंबरबाई, रश्मी आणि जावई चेतन असे चौघे निघाले. रश्मीने हवा काढून, घडी घालून मलाही डिकीत ठेवले.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत अप्पांची खुर्ची मांडली. तिच्याशेजारी मी. पहिल्या दिवशी जंजिऱ्याला होडीने जायचे ठरले. अप्पा म्हणाले, "तुमी जावा. मला हितून दिसतंय." दुसऱ्या दिवशी मासळीबाजार, सुरूच्या सावलीतली भेळ. तेव्हाही तेच, "तुमी जावा." दोन्ही दिवस झुंबरबाई त्यांच्यापाशी थांबल्या. अप्पा लाटांकडे बघत आणि चांगला पाय फरशीवर हळूहळू हलवत.

शेवटच्या सकाळी झुंबरबाईंनी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला. आयुष्यात त्या गुडघ्याच्या वर पाण्यात गेल्या नव्हत्या.

"रश्मे, ट्यूबमधी हवा भरून आण," त्या म्हणाल्या. "अवं, उठा. निघायचंय."

"लोकं हसतील," अप्पा म्हणाले.

"हसू द्या. त्यांचं काय जातंय?"

किनाऱ्यावरच्या एका कोळ्याने उथळ, शांत जागा दाखवली. चेतनने अप्पांना उचलून माझ्यात बसवले. एका बाजूला रश्मी, दुसऱ्या बाजूला झुंबरबाई. पहिली लाट आली तशी झुंबरबाईंनी भीतीने डोळे मिटले, पण मला धरलेला हात सोडला नाही. दुसरी लाट अप्पांच्या तोंडावर फुटली.

"खारट हाय!" अप्पा ओरडले आणि वाकड्या तोंडाने लहान पोरासारखे हसू लागले. उजव्या हाताने त्यांनी पाणी मारले. एकदा, दोनदा, कितीतरी वेळा.

"झुंबर, सोड मला."

"न्हाई सोडत."

"मग तूपन ये की."

आणि झुंबरबाई छातीभर पाण्यात आल्या. इतकी वर्षे मी ओझी वाहिली, पण एवढे हलके ओझे मला कधी लाभले नव्हते.

होळीच्या आधी अप्पा गेले. परवा चाळीसमोरच्या ओट्यावर झुंबरबाईंना रश्मीचा फोन आला, "आई, पुन्हा मुरूडला जाऊ या." झुंबरबाई म्हणाल्या, "बघू गं." मग वर माझ्याकडे बघून त्या पदर खोचत कामाला लागल्या. मलाही त्या खाऱ्या पाण्याची फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी गॅलरीत, खिडकीत बसून असेल, तर त्यांना एकदा पाण्यापर्यंत न्या. ते नको म्हणतील. तरी न्या. आणि कधी कोल्हारला आलात, तर मला या उन्हातून खाली उतरवा. माझ्यात अजून हवा राहते.