रंगांतली मलमाची ट्यूब

आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा तळहात आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे? शुभदाने पाहिला होता. रोज दोन तास पाहत होती.

शुभदा चित्रकार. पुण्याहून येऊन इलेक्ट्रॉनिक सिटीत राहिलेली. कष्टकरी बायकांची चित्रं काढणारी म्हणून तिचं नाव झालं होतं. सावित्रीबाई जवळच्या आनेकल गावाहून बसने तिच्याकडे कामाला येत. भांड्यांच्या पावडरीने त्यांच्या उजव्या हाताला खोल भेगा पडल्या होत्या. तोच हात शुभदाच्या नव्या चित्रात उतरत होता.

एके सकाळी सावित्रीबाई दवाखान्यातून मलमाची ट्यूब घेऊन आल्या. "अक्का, बोट ठणकतंय. मला साखरेचा त्रास आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले, दिवसातून तीनदा लावा, पाण्यात हात घालू नका."

"अहो, मलमाने भेगा बुजतील! मग मी काढू काय?" शुभदा म्हणाली. "आठ दिवस थांबा. प्रदर्शन तोंडावर आलंय."

"स्वल्प तरी लावते, अक्का..."

"नको म्हटलं ना! नाहीतर दुसरी बाई बघते. चित्राला आणि कामालाही."

तिने ट्यूब घेतली आणि रंगांच्या खोक्यात टाकली. सावित्रीबाई हात उजेडात धरून बसल्या. तेवढ्यात एका मासिकाचा फोन आला. रंगवता रंगवताच शुभदा उत्तरं देऊ लागली, "छंद? जुने बाजार पायी हिंडणं, जुन्या साड्यांचे काठ जमवणं. प्रेरणा? कष्टकरी स्त्री. तिचं दुःख मला झोपू देत नाही." फोन ठेवून ती म्हणाली, "सावित्रीबाई, झालं आजचं. आता भांडी घ्या."

सहाव्या दिवशी चिकपेट बाजारातले म्हातारे फ्रेमवाले कृष्णाजी माप घ्यायला आले. चित्र पाहून त्यांनी मान डोलावली. मग त्यांची नजर खऱ्या हाताकडे गेली. बोट सुजून काळंनिळं झालं होतं.

"अक्का, औषध नाही केलं?" त्यांनी सावित्रीबाईंना विचारलं.

"चित्र संपेपर्यंत असंच ठेवायचंय, अण्णा," सावित्रीबाई म्हणाल्या.

कृष्णाजींनी टेप गुंडाळली. "मॅडम, लाकडाला कीड लागली तर मी आधी कीड मारतो, मग पॉलिश करतो. तुम्ही तर कीड पाळलीत!"

"तुम्हाला कला कळत नाही, कृष्णाजी. हे चित्र बघून लोकांचे डोळे उघडतील."

"तुमचे उघडले? सहा दिवस तुम्हीच तर बघताय!"

शुभदाने ब्रश खाली ठेवला.

दवाखान्यात जायला कृष्णाजींनीच रिक्षा आणली. शुभदाही मागोमाग बसली. पण उशीर झाला होता. बोट कापावं लागलं.

घरी येऊन शुभदाने रंगांचं खोकं उपसलं. ट्यूबचं सीलही तुटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती आनेकलला गेली. "माझं चुकलं, सावित्रीबाई. पगार घरी येईल. माझ्या घरची भांडी मीच घासते. आणि ते चित्र मी फाडणार आहे!"

सावित्रीबाईंनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. "फाडू नका. माझा पुरा हात आता तेवढ्या चित्रातच उरलाय."

प्रदर्शनात चित्र लागलं. त्याखाली कृष्णाजींनी केलेल्या लहान फ्रेममध्ये ती ट्यूब होती, आणि शुभदाच्या अक्षरात एक ओळ: 'हे मलम मी लावू दिलं नाही.'

मंडळी, दुसऱ्याचं दुःख रंगवणं वाईट नाही. पण औषध हाताशी असताना ते दुःख जपून ठेवणं हा गुन्हा आहे. आधी मलम लावा. चित्र नंतर काढा.