मधली रेघ

चैत्राचे ऊन दख्खनच्या पठारावर उतरले, पिवळे, प्रौढ, किंचित दमलेले. आणि शहानूरपेठेच्या जुम्मा मशिदीच्या घुमटावर येऊन विसावले.

केवढी ही मशीद! गुलबर्ग्याची ती छत्रछायामयी, विजापूरची ती कमानींच्या अरण्याची, दाभोळची ती खाडीकाठची. आणि ही त्या थोर भगिनींची धाकटी, आडवळणाची, कृष्णपाषाणी. थोरल्यांचे कौतुक जगाने केले. धाकटीचे कोणी करीत नाही, म्हणून मी करतो.

कमानीमागे कमान, कमानीमागे कमान. सावलीत सावली विरघळते, आणि एका भिंतीशी पुटपुटलेला शब्द दुसऱ्या भिंतीशी जसाच्या तसा पोचतो.

भूमीवर काळ्या रेघांचे सोळाशे चौकोन. माणशी एक. नवाबाला तेवढाच, हमालालाही तेवढाच.

यंदा जमिनीला नवा चुना झाला. त्या शुभ्र लेपाखाली जुन्या रेघा बुडाल्या. शुक्रवारच्या नमाजाआधी त्या पुन्हा उमटायला हव्या होत्या. ते काम दावलसाब गवंड्याचे. त्याच्या बापाचे होते, आज्याचेही होते.

पण काजळीत भिजलेल्या सुताला दोन टोके असतात. आणि दुसरे टोक धरणारा धाकटा भाऊ, मौलाली, नऊ वर्षे दावलसाबशी बोललेला नव्हता. बाप गेला, घराची वाटणी झाली, अंगणात भिंत आली. ती सरळ यावी म्हणून सूत मारले तेही ह्याच दोघांनी. ओळंब्यात तसूभर फरक नाही! हाताला तोड नाही, अकलेचा मात्र उजेड.

दावलसाबने निरोप धाडला नाही. सूत भिजवून, एक टोक अंगठ्याखाली दाबून, तो दाराकडे बघत बसला. रेघा काय, कोणाच्याही मदतीने मारता आल्या असत्या. पण आज ह्या कामालाही मौला आला नाही, तर तो कधीच येणार नाही, हे त्याला ठाऊक होते.

मौलाली आला. दाराशी चपला काढल्या, खालमानेने दुसरे टोक उचलले आणि पार पलीकडच्या भिंतीशी जाऊन उकिडवा बसला.

सूत ताणले गेले. पण बापाची शिस्त कडक: पलीकडच्याने तोंडाने 'धर्‍या' म्हणजे 'धरले' असे म्हटल्याखेरीज अलीकडच्याने सूत चिमटीने उचलून सोडायचे नाही. मानेने चालत नाही. हाताने चालत नाही.

सूत ताणलेलेच राहिले. काजळीचा एक थेंब पडला, मग दुसरा पडला.

"धर्‍या?" दावलसाबने घसा खाकरून विचारले.

शब्द कमानीखालून गेला, खांबाखांबाला शिवत गेला. पलीकडच्या भिंतीशी पोचला. मग एक शब्द परत आला.

"धर्‍या."

नऊ वर्षांनी आलेला एवढासा शब्द! थोरल्याचे डोळे भरून आले. सूत सट्‌कन सुटले, आणि शुभ्र चुन्यावर श्यामल, सरळ रेघ उमटली.

मग दोन दिवस तेवढेच. धर्‍या? धर्‍या. धर्‍या? धर्‍या. ना तक्रार, ना माफी. पण दर खेपेला शब्द थोडा मऊ, थोडा ओला होत गेला.

शेवटी मिहराबच्या, म्हणजे पश्चिम भिंतीतल्या कोनाड्याच्या, डाव्या हाताचा कोपरा उरला. लहानपणी बापाने दोघांना पहिल्यांदा शेजारी उभे केले होते, ते इथेच. त्या दोन चौकोनांमधली एकच रेघ बाकी होती.

सूत ताणले.

"धर्‍या?"

मौलालीकडचे टोक सैल पडले.

"धर्‍या क्या रे, मौला?"

"ये एक नक्को, भाई."

दावलसाबने सूत गुंडाळले.

अंगणातली भिंत अजून उभी आहे. ती पाडायला वेळ लागेल. पण शुक्रवारी, सोळाशे माणसे वाकली तेव्हा, त्या कोपऱ्यात दोन पाठी एकदम वाकल्या. खांद्याला खांदा, खाली पांढरा चुना, आणि मध्ये रेघ नाही.